'थांबा' म्हणणाऱ्याचं ऐकायचं कुणी? परक्या मुलखातले सैनिक आणि तिथल्यांचा धर्म

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांकडून कुराण जाळणं, बुटांसकट घरात घुसणं, बायकांच्या खोल्या धुंडाळणं असे प्रकार पुन्हा पुन्हा का घडले? ते मुद्दाम करत होते की अडाणीपणाने? प्रशिक्षणाने हे थांबतं का? त्यांचा भाचा लवकरच आपल्या बटालियनबरोबर शांतिसेनेत लेबनॉनला निघाला आहे, म्हणून त्यांना हे जास्तच जाणून घ्यायचं आहे.

मी पायदळात नोकरी केली. दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भारतीय बटालियनमध्ये होतो आणि पुढे बाहेर जाणाऱ्या तुकड्यांना निघण्याआधीचं प्रशिक्षण देत होतो. त्या अनुभवावरून सांगतो. बहुतेक वेळा हे मुद्दाम केलेलं नसतं. पण म्हणून 'अडाणीपणा' हे उत्तरही मला पटत नाही. जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रकरणात तिथला कुणीतरी माणूस वेळेवर सांगत असतो, 'साहेब, हे करू नका.' त्याचं ऐकायचं बंधन कुणावर नसतं, आणि खरी गोम तिथे आहे.

बग्रामचं उदाहरण घ्या, कारण त्याची चौकशी खुद्द अमेरिकी लष्कराने केली आणि ती जाहीरही झाली. फेब्रुवारी 2012. काबूलच्या उत्तरेला बग्रामच्या हवाई तळाशेजारी परवानचा तुरुंग होता. तिथल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत कैदी समासात काहीबाही लिहून एकमेकांना निरोप पाठवतात, असा पहारेकऱ्यांना संशय आला. पुस्तकं तपासायला काढली. त्यांतली बरीच 'आक्षेपार्ह' म्हणून बाजूला पडली. त्यांत धार्मिक पुस्तकं होती, कुराणाच्या प्रतीही होत्या. मग बाजूला काढलेल्या ढिगाचं जे लष्करी तळावर कुठल्याही कागदाचं होतं तेच झालं: तो ट्रकमध्ये भरून जाळायच्या भट्टीकडे रवाना झाला. 20 फेब्रुवारीच्या रात्री भट्टीवरच्या अफगाण कामगारांच्या लक्षात आलं की आपण काय जाळतो आहोत. त्यांनी आग विझवायचा प्रयत्न केला आणि अर्धवट जळालेल्या प्रती हातांनी बाहेर ओढल्या. सकाळी तळाच्या दारावर गर्दी होती. पुढच्या काही दिवसांत देशभर निदर्शनं पेटली, किमान तीस अफगाण माणसं मेली. नंगरहारमध्ये अफगाण सैन्याचा गणवेश घातलेल्या माणसाने दोन अमेरिकी सैनिकांना गोळ्या घातल्या आणि 25 फेब्रुवारीला काबूलच्या गृहमंत्रालयात, आतल्या खोलीत, दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. तिथल्या परदेशी फौजांचे प्रमुख जनरल जॉन अ‍ॅलन यांनी माफी मागितली, अध्यक्ष ओबामांनी अफगाण अध्यक्ष करझाईंना पत्र लिहून माफी मागितली.

ऑगस्टमध्ये चौकशीचा अहवाल आला. धर्माचा अवमान करायचा हेतू नव्हता, असा निष्कर्ष निघाला. तो खराच असावा असं मला वाटतं. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. ही पुस्तकं जाळू नका, असा इशारा तिथल्या अफगाण सैनिकांनी दिला होता आणि तो कानांवरून गेला. चौकशी करणाऱ्या ब्रिगेडियर जनरलला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली ती हीच. सहा सैनिकांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला कुणावरही चालला नाही.

आता हे सगळं 2012 मधलं, म्हणजे अमेरिकी फौज त्या देशात येऊन दहा वर्षं उलटल्यानंतरचं. एवढ्या वर्षांत कुराण काय आहे हे कळलं नाही, असं कोण म्हणेल? उलट, क्युबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात 2003 च्या जानेवारीतच कुराण कसं हाताळायचं याची लेखी कार्यपद्धती तयार होती: स्वच्छ हातमोजे घाला, दोन्ही हातांनी उचला, शक्यतो मुस्लिम धर्मगुरू किंवा दुभाष्याकडूनच हलवून घ्या. म्हणजे ज्ञान होतं, कागदावर होतं, सह्या-शिक्क्यांनिशी होतं. बग्राममध्ये पुस्तकांच्या ढिगावर नाव पडलं 'सुरक्षेचा प्रश्न', आणि एकदा का एखाद्या वस्तूला ते नाव मिळालं की ती पवित्र आहे की नाही हे विचारायचं कामच कुणाकडे उरत नाही. जीर्ण कुराण वस्त्रात गुंडाळून पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात, आपल्याकडे जुनी पोथी विसर्जित करतात तसंच. भट्टीवरच्या कुठल्याही कामगाराला हे ठाऊक होतं. त्याला विचारायला दोन मिनिटं लागली असती.

माझ्या मते अवमान घडतो तो तीन-चार ठरावीक ठिकाणी: घराच्या दारात, तपासणी नाक्यावर, कैद्याच्या अंगझडतीत आणि छावणीसाठी जागा निवडताना. चिथावणीखोर सैनिकही असतात. मे 2008 मध्ये बगदादच्या पश्चिमेला रदवानियात एका अमेरिकी नेमबाजाने कुराणाची प्रत निशाण म्हणून ठेवून तिच्यावर गोळ्या झाडल्या. त्याला देशाबाहेर पाठवलं, जनरलने टोळीप्रमुखांसमोर उभं राहून माफी मागितली, आणखी एका अधिकाऱ्याने नवी प्रत चुंबन घेऊन त्यांच्या हाती दिली. त्याच महिन्यात इराकमधल्याच फलुजा शहराच्या नाक्यावर एक मरीन सैनिक बायबलचं वचन अरबीत कोरलेली नाणी वाटताना सापडला आणि त्याला तिथून हलवलं. अशी माणसं शिक्षा करून काढून टाकता येतात. मला धास्ती वाटते ती सभ्य, शिस्तीच्या, हुकूम पाळणाऱ्या सैनिकाकडून घडणाऱ्या अवमानाची, कारण त्याच्यावर कारवाई करायला काही सापडतच नाही.

फलुजा, एप्रिल 2003. अमेरिकी तुकडीने मुक्कामाला शाळेची इमारत घेतली. लष्करी दृष्टीने निवड अगदी बरोबर: पक्की भिंत, आवार, सपाट गच्ची, गच्चीवरून चारी बाजूंना नजर. कुठल्याही कंपनी कमांडरने तीच निवडली असती. पण उन्हाच्या त्या मुलखात घरातल्या बायका मोकळेपणी वावरतात ते आतल्या अंगणात आणि गच्चीवर. रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसू नये अशीच घरांची बांधणी असते. वरून चोवीस तास दुर्बिणी रोखलेल्या असल्यावर त्या बांधणीचा अर्थच संपला. सैनिकांचे रात्री बघायचे चष्मे कपड्यांच्या आरपार बघतात, अशी बोलवा गावात उठली. चष्म्याबद्दलची गोष्ट खोटी होती. गच्चीवरून अंगणं दिसत होती, हे खरं होतं. मुलांची शाळा परत द्या, इथून निघून जा, म्हणत 28 एप्रिलला जमाव आला. सैनिकांचं म्हणणं की जमावातून गोळीबार झाला, गावकऱ्यांचं म्हणणं की झाला नाही. मानवाधिकार संघटना ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासानुसार त्या संध्याकाळी आणि दोन दिवसांनी मिळून वीसच्या आसपास माणसं मेली. पुढच्या वर्षी त्याच शहरात दोन मोठ्या लढाया झाल्या. त्यांचं मूळ एका शाळेच्या गच्चीत होतं असं मी म्हणणार नाही, युद्धाला अनेक कारणं असतात. पण गावाने फौजेकडे पाठ फिरवली ती त्या आठवड्यात.

इथे मराठी वाचकाला 1897 चं पुणं आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते आठवावंच. प्लेगच्या साथीत वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाती अधिकार आले. घरं तपासायला डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे सोजीर लावले. रोगी शोधून दवाखान्यात न्यायचा, बाकी कुटुंब वेगळ्या छावणीत, घर धुऊन चुना मारायचा, संशयित सामान जाळायचं. साथरोगाच्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे यातलं बरंचसं तर्काला धरून होतं. रँडने लेखी सूचनाही दिल्या होत्या: लोकांच्या भावना जपा, शहरातले प्रतिष्ठित गृहस्थ तपासणीच्या तुकड्यांबरोबर न्या. कागद बघितला तर आजच्या कुठल्याही फौजेच्या सूचनांपेक्षा फार वाईट नाही.

पण पेठेतल्या वाड्यात प्रत्यक्ष काय होत असेल ते बघा. वाड्याची रचना अशी की दिंडी दरवाजातून चौक, चौकातून ओसरी, ओसरीतून माजघर, आणि सगळ्यात आत स्वयंपाकघर नि देवघर. परका माणूस ओसरीपर्यंत. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात घरचाच माणूस पारोसा गेला तर चालत नाही. प्लेगचा रोगी लपवायचा तर तो सगळ्यात आतल्या खोलीत, म्हणून शोधणारा पहिल्यांदा तिथेच जाणार, आणि तोही बुटांनी. गाठ बघायची ती काखेत आणि जांघेत, म्हणजे अंगावरचं वस्त्र बाजूला करणं आलंच. नीट विचार करा, या कामात उद्दाम सोजीर आणि सज्जन सोजीर यांच्यात घरच्या माणसांच्या दृष्टीने फरक किती उरतो? देवघर विटाळलं ते विटाळलंच. 'केसरी'तून तक्रारी आल्या, पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांबद्दल जाहीर आवाज उठवला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट मी प्रशिक्षणात नेहमी सांगत असे, कारण ती अफवांबद्दल बरंच शिकवते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला, अशी बातमी त्यांना पुण्याहून पत्रांतून कळली आणि त्यांनी ती तिथल्या वर्तमानपत्रात सांगितली. परत आल्यावर पुरावा देणारं कुणी पुढे आलं नाही आणि गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. सरकारने त्याचा अर्थ लावला की तक्रारी सगळ्या खोट्या. 2005 मध्ये हुबेहूब तसंच घडलं. ग्वांतानामोत कुराण शौचकुपात टाकलं, अशी बातमी 'न्यूजवीक'ने दिली, अफगाणिस्तानात जलालाबादपासून दंगली पेटल्या, डझनाहून अधिक लोक मेले, मग साप्ताहिकाने बातमी मागे घेतली. महिनाभरात लष्कराच्याच चौकशीतून कुराणाच्या हेळसांडीची पाच प्रकरणं खरी निघाली, एका प्रकरणात तर पहारेकऱ्याच्या लघवीचे शिंतोडे झरोक्यातून आत कैद्यावर आणि त्याच्या कुराणावर पडले होते. अमुक एक आरोप टिकला नाही म्हणून लोकांची तक्रार खोटी ठरत नाही. अफवा पसरते ती रोजच्या खऱ्या अनुभवाच्या बळावर. ज्या अधिकाऱ्याचा सगळा वेळ अफवेचं खंडन करण्यात जातो, त्याने गावाकडे एकदा विचारावं की ही अफवा तुम्हाला खरी का वाटली.

धर्म म्हणजे केवळ ग्रंथ आणि देऊळ-मशीद नव्हे, हेही सांगायला हवं. 2003 ते 2004 या काळात इराकमधल्या बॅबिलोनच्या प्राचीन नगरावरच छावणी होती, आधी अमेरिकी मरीन, मग पोलंडच्या नेतृत्वाखालची फौज. हेलिकॉप्टर उतरवायला जागा सपाट केली, खंदक खणले, वाळूच्या पिशव्या प्राचीन विटा-खापरांच्या तुकड्यांनी भरलेल्या मातीने भरल्या, सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या मिरवणूक मार्गाची फरसबंदी अवजड गाड्यांखाली फुटली. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन कर्टिस यांनी 2005 च्या जानेवारीत याचा अहवाल दिला. छावणी तिथे टाकली ती म्हणे लुटारूंपासून जागेचं रक्षण करण्यासाठी. हेतू चांगला, हे इथेही खरं असू शकतं.

'ते अमेरिकी, ख्रिस्ती, त्यांना काय कळणार', असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. 1987 मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेतल्या तमिळबहुल जाफन्यात गेली. सुरुवातीला लोकांनी हार घालून स्वागत केलं. देव बरेचसे तेच, देवळं आपल्यासारखीच, लढाई पेटल्यावर हजारो तमिळ निर्वासितांनी आसरा घेतला तो नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात. तरीही काही महिन्यांत तपासणी नाक्यांवरच्या वागणुकीबद्दल, बायकांच्या झडतीबद्दल कडवट तक्रारी होऊ लागल्या, आणि 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफना रुग्णालयात गोळीबार होऊन डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले, त्याची जखम तिथे अजून ओली आहे. आपले जवान शीख, गुरखा, मराठा, राजस्थानी. तमिळ फार थोड्यांना येत होतं. समोरच्या गर्दीत बंदूकधारी कोण, हे न कळणारा घाबरलेला माणूस सगळ्यांनाच बंदूकधारी समजतो. धर्म एक असल्याने तिथे काही वाचलं नाही. पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या 88 व्या महिला बटालियनमधल्या जवान तिकडे पाठवल्या गेल्या. बायकांची झडती बायकांनी घेणं, एवढी साधी तजवीज पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

मग प्रशिक्षणाने फरक पडतो का? पडतो, पण लोक समजतात त्या जागी नाही. इराकला जाणाऱ्या सैनिकांच्या खिशात संस्कृतीविषयक माहितीचं घडीचं कार्ड असे: डाव्या हाताने देऊ-घेऊ नका, तळपाय समोरच्याकडे करू नका, बाईशी आपणहून हात मिळवू नका. चांगलंच आहे. पण तळपाय दाखवू नका हे पाठ केलेल्या सैनिकाला रात्री दोन वाजता दार फोडायचा, पुरुषांना बायकापोरांसमोर जमिनीवर पालथं पाडायचा, हात बांधून डोक्यावर पिशवी चढवायचा हुकूम असेल, तर त्या कार्डाचं काय करायचं? बापाला मुलासमोर असं बघितल्यानंतर त्या घरात सलाम कोणत्या हाताने केला हे कुणी बघत नाही. अफगाणांनी वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त आक्षेप घेतला तो रात्रीच्या छाप्यांवर आणि घरात कुत्री नेण्यावर. छाप्यांचा ताबा अफगाणांकडे देणारा करार झाला तो 8 एप्रिल 2012 ला, म्हणजे बग्रामनंतर, आणि कंदहारजवळच्या पंजवाईत एका अमेरिकी सैनिकाने सोळा गावकऱ्यांची हत्या केल्यानंतर.

फौजेने काही केलंच नाही असंही नाही. महिला सैनिकांची पथकं केली, ती मला उपयोगी वाटली. 2007 मध्ये मानववंशशास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर पाठवायची योजना काढली, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच तिला विरोध केला, कारण लोकांची माहिती जमवणारा अभ्यासक आणि त्याच माहितीवर निशाण धरणारी बंदूक एका गाडीतून येत होती. 2014 मध्ये ती बंद पडली. 2011 मध्ये लष्करासाठीच काम करणाऱ्या एका संशोधकाने सहाशेहून अधिक अफगाण सैनिक-पोलिसांना विचारलं की अमेरिकी सैनिकांचं काय खटकतं. उत्तरं ऐका: घरांच्या झडत्या, बायकांच्या खोल्यांत जाणं, रस्त्यात उघड्यावर लघवी करणं, शिव्या देणं, गाड्यांचा ताफा दामटत सगळी वाहतूक अडवणं. यातलं काहीही समजायला पदवी लागत नाही. वरिष्ठांनी तो अहवाल मानला नाही. 2012 मध्ये अफगाण साथीदारांच्याच गोळ्यांनी साठच्या आसपास परदेशी सैनिक मेले. या सगळ्यांमागे अवमानच होता असं नाही, तालिबानची माणसंही घुसलेली होती. तरी आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती असताना ते फायलीत ठेवायचं, याला काय म्हणावं?

ऐकलं की काय होतं, याचं उदाहरण इराकमधल्या नजफचं, शियांच्या पवित्र शहराचं आहे. 3 एप्रिल 2003 रोजी लेफ्टनंट कर्नल ख्रिस ह्यूज आपली तुकडी घेऊन शियांचे बडे धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींच्या घराकडे निघाले होते. वाटेत इमाम अलींच्या मशिदीचा सोनेरी घुमट. ही फौज मशिदीत घुसायला आली आहे, अशी हाकाटी झाली आणि शेकडो लोक आडवे आले, दगड येऊ लागले. ह्यूजनी स्वतःची बंदूक उलटी, नळी जमिनीकडे करून धरली आणि सैनिकांना हुकूम दिला: गुडघा टेका, नळ्या खाली, हसा. चिलखतं घातलेले, घाबरलेले तरुण सैनिक गर्दीसमोर गुडघ्यावर बसले. ज्यांना खरंच मशिदीची काळजी होती ते शांत झाले. तरी ताण सुटेना तेव्हा ह्यूजनी तुकडी मागे फिरवली. एक गोळी सुटली नाही. ह्यूजना शिया पंथाची फार माहिती असण्याची गरज नव्हती. 'पुढे येऊ नका' हे जमावाचं म्हणणं त्यांनी माघार घेण्याइतकं गंभीरपणे घेतलं आणि ते घेण्याचा अधिकार त्या रस्त्यावर त्यांच्या हाती होता. नेमका उलटा प्रकार त्याच वर्षी 13 ऑगस्टला बगदादच्या सद्र शहरात झाला. एका मनोऱ्यावर इमाम महदींच्या, म्हणजे शिया ज्यांच्या परतण्याची वाट बघतात त्या इमामांच्या, नावाचा झेंडा होता. अमेरिकी हेलिकॉप्टर त्याच्याजवळ जाऊन तो पाडू लागलं, हजारो माणसं रस्त्यावर आली, गोळीबारात एक जण मेला, मग लेखी माफी.

लष्करी शिस्तीत ही गोष्ट बसवता येते का, असं मला तरुण अधिकारी विचारत. येते, आणि आपल्याकडे तिचा जुना दाखला आहे. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, शिवाजी महाराजांना शिव्या देणारा. तरी त्याने लिहून ठेवलं आहे की मशीद, कुराण आणि कुणाचीही स्त्री यांना हात लावायचा नाही, असा शिवाजीचा आपल्या सैन्याला नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर तो ती आदराने आपल्या एखाद्या मुसलमान चाकराच्या स्वाधीन करी. यातला शेवटचा भाग लक्षात घ्या. नुसता 'आदर ठेवा' असा उपदेश नाही, वस्तू कुणाच्या हाती द्यायची हे ठरलेलं आहे. ज्याला तिचं मोल कळतं त्याच्याकडे. बग्रामला हवा होता तो एवढाच नियम.

आता ताईंच्या भाच्याबद्दल. लेबनॉनमध्ये आपली बटालियन ताबा घेऊन बसलेली नाही, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली, त्या देशाच्या संमतीने आहे. घरं फोडायची नाहीत, कैदी ठेवायचे नाहीत. त्यामुळे अवमानाच्या निम्म्या जागा आपोआप टळतात. आपल्या बटालियनचे पशुवैद्य तिथल्या गुराढोरांवर, शेळ्यामेंढ्यांवर उपचार करतात आणि माझ्या बघण्यात त्या एका माणसाने गावात जेवढी दारं उघडली तेवढी कुठल्या बैठकीने उघडली नाहीत. तरी गस्त असते, गाड्या असतात, आणि एकाच खोऱ्यात द्रुझ (तिथला एक वेगळा धार्मिक समाज), शिया, सुन्नी, ख्रिस्ती अशी गावं लागून असतात.

मोहरममध्ये एका शिया गावात गल्लीवर आडवे काळे फलक बांधले होते. गस्तीची गाडी वळणावर आली. आमच्या गाड्यांवर वायरलेसची उंच लवचीक काठी असते, ती फलकाला अडकून तो फाटला असता. गावच्या दुभाष्याने नुसता हात वर केला. हवालदाराने गाडी थांबवली, काठी वाकवून बांधायला सांगितली, तरी फलक फारच खाली होता. दुभाषा म्हणाला, आज नको. हवालदाराने गाडी मागे घेतली, लांबच्या रस्त्याने गस्त पुरी केली आणि नोंदवहीत लिहिलं: मार्ग बदलला, कारण धार्मिक. त्याने वर विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. धार्मिक बाबतीत दुभाष्याने थांब म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं, असा आमच्या तुकडीचा कायमचा हुकूम होता. उशीर झाल्याबद्दल कुणाला बोल लावला जात नसे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. थांबल्याबद्दल एकदा जरी हवालदाराला झापलं, तर पुढच्या वेळी तो थांबत नाही.

म्हणून भाच्याला सांगा, शिष्टाचाराची यादी तिथले लोक हसतखेळत शिकवतील, चहा कसा घ्यायचा, बूट कुठे काढायचे, कुणाची विचारपूस करायची नि कुणाची नाही. त्याने पोचल्यावर आपल्या कंपनी कमांडरला किंवा सुभेदार साहेबांना तीन गोष्टी विचाराव्यात. दुभाषा बसतो कुठे, गाडीत पुढे की मागच्या गाडीत? मागच्या गाडीतल्या दुभाष्याचा 'थांबा' पुढच्या चालकापर्यंत पोचत नाही. नाक्यावर बाईची झडती घ्यायची वेळ आली तर कोण घेणार, आणि ती व्यक्ती त्या पाळीला खरंच हजर असते का? आणि छावणीतला कागद, कापड, जुनी वर्तमानपत्रं यांची विल्हेवाट कोण लावतं? अरबी वर्तमानपत्रात अल्लाचं नाव आणि कुराणातली वचनं छापलेली असतात, त्यात जेवण बांधणं किंवा ते शौचालयात नेणं तिथल्या श्रद्धाळू मुसलमानांना चालत नाही. आमच्या वेळी तो सगळा कागद वेगळ्या पोत्यात भरून गावातल्या माणसाच्या हवाली करत असू. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर त्याने ती विचारून विचारून तयार करून घ्यावीत. नवा जवान असला तरी विचारायला हरकत नाही, चांगला सुभेदार अशा प्रश्नाने खूशच होतो.